पेवातली ज्वारी आणि रेशनची रांग



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर या वेळी कापसाचा भाव, कर्ज आणि वीज या नेहमीच्या विषयांखाली एक ओळ आहे : 'घरचे धान्य'. ती वाचून दोन-तीन तालुक्यांतून विचारणा झाली, 'हे काय नवीन? आता आपण भाव मागायचा सोडून भाकरी थापायला बसायचे का?' प्रश्न रास्त आहे. भाव मागणाऱ्या चळवळीने चुलीकडे आणि कणगीकडे का पाहावे, याचे उत्तर द्यायलाच हवे. ते उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका युद्धात आहे, आणि ज्यांच्या घरात कोणी नव्वदीचे माणूस अजून हिंडते-फिरते आहे, त्यांच्या घरातही आहे.

शहराला रेशन का मिळाले?

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई शहर आणि कोकणपट्टी त्या तांदळावर बरीच अवलंबून होती. रेल्वेच्या वाघिणी फौजेच्या कामाला लागलेल्या. सरकार युद्धाचा खर्च नोटा छापून भागवीत होते, त्यामुळे महागाई भडकलेली. प्रत्येक प्रांताने आपल्या हद्दीतले धान्य बाहेर जायला बंदी केली. अशा वेळी मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. हिंदुस्थानात असे करणारे ते पहिले शहर. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने सांगितले की, लाखावर वस्तीच्या सर्व शहरांत रेशन चालू करा आणि त्यासाठी खेड्यांतून धान्य गोळा करा.

हे वाईट झाले, असे आम्ही म्हणणार नाही. १९४३ साली बंगालमध्ये काय झाले ते जगाला ठाऊक आहे. सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख माणसे मेल्याचे मान्य केले. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा तीस लाखांपर्यंत नेला. मेलेल्यांत बहुसंख्य खेड्यातली होती, मजूर होती, मच्छीमार होती. कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडली ती माणसे धान्य पिकविणाऱ्या मुलखातली होती. मुंबईत रांगा लागल्या, पण तशी प्रेते पडली नाहीत. रेशनने मुंबई वाचविली, हे कबूल करायला शेतकऱ्याची जीभ अडखळायचे कारण नाही. वाचविली ती आपल्याच धान्याने.

पण याच मुंबई प्रांतात, विजापूरच्या ज्वारीच्या मुलखात, १९४२-४३ मध्ये दुष्काळ पडला होता. म्हणजे ज्या साली गिरणगावातल्या माणसाच्या हातात रेशनकार्ड आले, त्याच्या अलीकडे-पलीकडेच ज्वारी पिकविणारा माणूस खडी फोडायला बसला होता. शहराची भूक दिसते, कारण ती सचिवालयाच्या दारात असते. खेड्याची भूक कळवायला मामलेदाराचा अहवाल लागतो.

१९४५ चा पाऊस मुंबई आणि मद्रास प्रांतांत दगा देऊन गेला आणि १९४६ च्या आरंभी मोठ्या माणसाचे मूळ रेशन दिवसाला बारा औंसांवर आणले गेले. बारा औंस म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्याला थोडे जास्त. बारा औंसात दिवसाच्या भाकरी किती होतात, हे आमच्या मायबहिणींना हिशेब न करता सांगता येईल.

पेवावर टाकलेली माती

आता हेच धान्य जिथून आले, तिकडे चला. आपला आजचा महाराष्ट्र तेव्हा मुख्यतः तीन राजवटींत वाटलेला होता. खानदेश, देश आणि कोकण मुंबई प्रांतात, वऱ्हाड-नागपूर मध्यप्रांतात आणि मराठवाडा निजामाकडे. सरकारे वेगळी, पण शेतकऱ्याकडून धान्य काढून घ्यायचे, यावर तिघांचे एकमत होते. मुंबई प्रांतात शेतकऱ्यावर सक्तीची लेव्ही बसली. निजामाच्या राज्यात तर लेव्हीचा जाच इतका की पुढे तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात लेव्हीला विरोध हे एक मोठे कारण झाले.

आमचे घर तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. आजी लढाईच्या दिवसांत लग्न होऊन या घरात आली. तिच्या तोंडून जे ऐकले ते थोडक्यात सांगतो, कारण हे आमच्या एका घरचे नाही. तुमच्या घरी विचारलेत तर गावाचे नाव तेवढे बदलेल.

लेव्ही किती द्यायची, ते पीक उभे असताना ठरायचे. गिरदावर बांधावरून बघायचा, पटवारी मांडून घ्यायचा. एका साली ज्वारीवर काणी पडली. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. पण कागदावर आकडा बसला तो बसला. पणजोबांनी सावकाराकडून दोन पल्ले ज्वारी बाजारभावाने घेतली आणि ती सरकारला सरकारी दराने घातली. स्वतःच्या शेतात ज्वारी पेरणाऱ्या माणसाने ज्वारी उसनवारीने विकत आणून स्वस्तात द्यायची, यालाच त्या काळी धान्यवसुली म्हणत.

म्हणून मग पेव आले. गावाच्या पांढरीत पेव खणलेले असत. आत कडब्याचा आणि भुसाचा थर, वर दगड, त्यावर माती. पेवाचे तोंड कुठे आहे ते घरातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक. आजी सांगायची, 'सासऱ्यांनी पेवावर गुरे बांधली होती. पटवारी शेणातून चालत गेला, पण खाली वाकला नाही.' यात गंमत वाटते, पण त्या पेवात काळाबाजार करण्यासाठी धान्य नव्हते. पुढच्या मृगापर्यंत दहा तोंडे जगवायची होती, आणि बियाणे ठेवायचे होते.

साखर नाही, रॉकेल नाही, कापड नाही. पण घरात गूळ होता, करडईचे तेल घाण्यावरून यायचे आणि दिव्यालाही तेच. कापसाच्या रानात तुरीचे तास, कडेने अंबाडी, बांधावर वाल आणि दोडका. पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी यांवर ते घर लढाई पार करून गेले. आजी त्या दिवसांना कधी सुखाचे म्हणाली नाही. ती इतकेच म्हणायची, 'मागायला जावे लागले नाही.' या एका वाक्यासाठी आम्ही विषयपत्रिकेवर ती ओळ घातली आहे.

एकाच ज्वारीच्या दोन आठवणी

पणजोबांचे एक पुतणे परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. दिवाळीला गावी आले की जाताना वळकटीत दोन पायल्या ज्वारी बांधून न्यायचे. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथे धान्य बाहेर न्यायला बंदी. पुढे रेशनच्या शहरात परवान्याशिवाय धान्य आणायला बंदी. आपल्या काकाच्या घरची ज्वारी आपल्या लेकरांना नेणारा माणूस दोन्ही हद्दींवर चोर.

त्यांची नातवंडे आज कोपरखैरण्याला राहतात. कामानिमित्त नवी मुंबईत मुक्काम पडला की त्यांच्याकडे जेवण होते. त्या घरातही लढाईच्या आठवणी आहेत : पहाटेची रांग, कार्डावरचा शिक्का, खडे निवडता निवडता दुखणारी बोटे, लग्नात किती माणसे जेवू घालायची यावरही सरकारी हुकूम. आणि गावची ती दोन पायल्या ज्वारी. सणाला पुरणपोळी करावी तशी त्यांच्या घरी त्या ज्वारीची भाकरी व्हायची. दोन्ही घरे एकाच ज्वारीची गोष्ट सांगतात. मात्र सरकारने परभणीत ती ज्वारी काय दराने उचलली, हे कोपरखैरण्याच्या घराला कधीच कळले नव्हते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दुकानातला फळा दिसतो, पेव दिसत नाही. त्याचा दोष त्याच्यावर नाही. त्याला ते कोणी सांगितलेच नाही.

नवी मुंबईत हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. तुर्भ्याला मुंबई बाजार समितीचे दाणाबंदर आहे. पूर्वी ते मशीद बंदरला होते, गोदीला लागून. १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला. त्या जहाजात दारूगोळ्याच्या जोडीला रुईच्या गाठी भरल्या होत्या. आग त्या रुईत लागली आणि भवतालची गोदामे, वखारी, वस्त्या जळाल्या. रेशनच्या शहराने आपल्या डोळ्यांनी धान्य जळताना पाहिले. हेच दाणाबंदर १९९० च्या दशकात नवी मुंबईत आले. तिथे पोती उचलणारे माथाडी बहुतेक सातारा-सांगलीकडच्या आणि पुणे जिल्ह्यातल्या कोरडवाहू तालुक्यांतले. शेतात ज्वारीने पोट भरले नाही, म्हणून ते पाठीवर ज्वारीचे पोते घ्यायला इथे आले.

आणि ज्या पट्ट्यात हे नवे शहर उभे आहे, तिथे आगरी आणि कोळी गावांची भातखाचरे, मिठागरे आणि खाडी होती. १९७० नंतर सिडकोसाठी ती जमीन संपादन झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. घरचा तांदूळ खाणारी ती गावे आज तांदूळ विकत घेतात. जमीन गेली की धान्य जाते, हे त्यांना समजायला एक पिढी पुरली. आपल्याकडे जमीन आहे, तरी धान्य गेले. ते कसे गेले, ते पुढे पाहू.

तात्पुरता कायदा, कायमचा फास

लढाई १९४५ साली संपली. युद्धासाठी केलेले 'भारत संरक्षण नियम' संपायला हवे होते. १९४६ साली त्यांच्या जागी कायदा आला, त्याचे नावच 'अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा'. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून नियंत्रणे सैल झाली. भाव वाढले, ओरड झाली आणि १९४८ मध्ये पुन्हा आवळली गेली. १९५२ नंतर रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना ती उठली. पाऊस चांगला होता, धान्य बाजारात आले, आभाळ कोसळले नाही. नियंत्रणाशिवाय देश जेवू शकतो, याचा तो पुरावा होता.

पण किडवाई गेले आणि १९५५ साली तात्पुरत्याच्या जागी कायमचा 'अत्यावश्यक वस्तू कायदा' आला. त्याच्या अगोदरच्याच वर्षी तिसरी घटनादुरुस्ती करून अन्नधान्य, वैरण, कच्चा कापूस आणि सरकी यांवर केंद्राला कायदा करायची मुभा घेऊन ठेवली होती. १९५५ च्या कायद्याच्या पहिल्या यादीत धान्य होते, तसाच कच्चा कापूस आणि सरकीही होती. १९७६ साली, आणीबाणीत, हा कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला, म्हणजे न्यायालयात त्याला हात लावणे कठीण. लढाईत शेतकऱ्याच्या पेवावर ठेवलेला हात शांततेच्या काळात घटनेच्या कुलपात गेला.

त्याच लढाईत ब्रिटननेही रेशन लावले. जानेवारी १९४० मध्ये सुरू केले आणि जुलै १९५४ मध्ये संपविले. तिथेही शेतकऱ्यावर सक्ती होती. जमीन नांगरत नाही म्हणून ती ताब्यात घेण्याचे अधिकार जिल्हा समित्यांना होते. लोकांना परसात, बागेत, मैदानात भाजी लावायला सांगितले गेले. पण लढाई संपल्यावर १९४७ साली त्यांनी कायदा करून गहू, बटाटा, बीट, दूध, अंडी यांना हमी भाव आणि हमखास बाजार दिला. लढाईत शेतकऱ्याने देश जगविला, त्याची परतफेड अशी झाली. आपल्याकडेही 'अधिक धान्य पिकवा' मोहीम त्याच काळात निघाली. आपण अधिक पिकविले आणि अधिक पिकविल्याबद्दल भाव पाडून घेतला.

कापसाचे वेगळे सांगायला नको. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि आखूड धाग्याच्या आपल्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक एका रात्रीत गेले. भाव कोसळला. मग मुंबई सरकारने १९४४ साली अन्नपिके वाढविण्याचा कायदा करून कापसाखालच्या रानात धान्य घ्यायला लावले. जून १९४३ पासून कापड आणि सुतावर नियंत्रण आले. ज्याच्या रानात कापूस, त्याच्या बायकोला लुगडे मिळेना, अशी ती वर्षे. जुने लोक सांगतात की प्रेताला कापड मिळवायला चिठ्ठी आणावी लागे.

यातले काय बदलले? १९७२ पासून तीस वर्षे कापूस एकाधिकारात होता, तोही गेला. २०२० साली अत्यावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करून साठ्यांवरच्या मर्यादेला थोडा लगाम घातला गेला. २०२१ साली बाकीच्या कृषी कायद्यांबरोबर ती दुरुस्तीही मागे घेतली गेली. त्या वेळी आपल्यातले काही एका बाजूला होते, काही दुसऱ्या. तो वाद बैठकीत पुन्हा नको. पण पुढे काय झाले ते पाहा. जून २०२३ मध्ये तुरीचा भाव जरा वर येताच तूर आणि उडदावर साठा मर्यादा आली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी वाढवून वर्षअखेरपर्यंत नेली. म्हणजे नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर गिरण्यांना परदेशी कापसाचे दार उघडे. लढाई नाही, दुष्काळ नाही, तरी हुकूम तोच : गिऱ्हाइकाला महाग पडता कामा नये, मग पिकविणाऱ्याचे काही होवो.

रांगेत आता कोण उभे आहे?

आता आपल्या घराकडे येऊ. १९४३ साली रांगेत शहर होते आणि धान्य देणारे खेडे होते. आज कोणत्याही कापूसपट्ट्यातल्या गावी जा. पाच एकर कापूस-सोयाबीन पेरणारा शेतकरी पोते घेऊन रेशन दुकानापुढे उभा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याला ते मिळालेच पाहिजे. शेतमजुराच्या, विधवेच्या, म्हाताऱ्याकोताऱ्याच्या ताटातले धान्य काढा, असे आपण कधीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो जमीन असलेल्या माणसाच्या ताटाचा.

हे आळसाने झालेले नाही. १९६५ साली अन्नमहामंडळ आणि कृषिमूल्य आयोग आला. भाव ज्वारीलाही जाहीर होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये ठरले. पण सरकारी खरेदीचा काटा मुख्यतः गहू आणि तांदळासाठी हलतो. कागदावर भाव आणि गावात खरेदी नाही, म्हणजे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीकडे स्वस्त गहू-तांदळाने ज्वारीचे गिऱ्हाईक गेले. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, उत्पादन वाढले, पण पावसात सापडलेला काळा दाणा व्यापारी बोटाने उडवू लागला. काढणीला माणूस मिळेना, पाखरे राखायला पोरे राहिली नाहीत, ती शाळेत गेली हे बरेच झाले. गणित बसेना म्हणून आपण ज्वारी सोडली. गणित चूक नव्हते. गणितातले आकडे दुसऱ्याने भरलेले होते.

१९७२ च्या दुष्काळात काय खाल्ले, ते विचारा. अमेरिकेची तांबडी मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी. मिलोची भाकरी गिळताना ज्यांचे डोळे भरले, ते लोक अजून आपल्यात आहेत. त्या दुष्काळात पेव रिकामे होते.

मग करायचे काय?

आमच्यातले जाणते कार्यकर्ते एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, 'शेती हा धंदा आहे. जे पीक पैसा देईल ते घ्यावे आणि धान्य बाजारातून आणावे. घरापुरते पिकवा म्हणणे म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा आजोबांच्या गरिबीत ढकलणे.' आम्ही कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलो ते हाच विचार घेऊन. आजही तो खोटा नाही. सगळे रान घरच्या धान्याखाली घाला, असे कोणी म्हणत नाही.

पण बाजारात ताकद कोणाकडे असते? ज्याला आज विकलेच पाहिजे असे नसते, त्याच्याकडे. दिवाळीच्या तोंडावर ज्याच्या घरात दाणा नाही, तो ओला कापूस पहिल्या वेचणीलाच गाडीत घालतो आणि व्यापारी म्हणेल तो भाव घेतो. ज्याच्या कणगीत मृगापर्यंतची ज्वारी आहे, तो कापूस घरात ठेवून महिनाभर वाट पाहू शकतो. घरचे धान्य हे भावाच्या लढाईतले गाठोड्यातले जेवण आहे. उपाशी फौज वेढा देऊन बसू शकत नाही. शरद जोशींनी १९९० च्या दशकाच्या आरंभी 'चतुरंग शेती' मांडली, तेव्हा व्यापारशेती आणि निर्यातशेतीच्या बरोबरीने घरच्या बाईच्या हातची 'सीताशेती' धरली होती, ती उगाच नाही.

हिशेब मांडून पाहा. १९४६ च्या रेशनचेच माप घ्या, दिवसाला माणशी ३४० ग्रॅम. पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे सव्वासहा क्विंटल धान्य लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल धरली, तरी पावणेदोन-दोन एकरांत घर उठते, आणि कडबा वेगळा. ज्याच्या घरी बैलजोडी आणि दुभते आहे, त्याला कडब्याची किंमत शिकवायला नको. भारी रान असेल तर मालदांडी. मोहोळच्या केंद्रात निवडलेला हा वाण लढाईच्या आधीपासून आपल्या मातीत आहे. दोन एकर जमत नसतील तर एक एकर करा आणि कापसात तुरीचे तास, कडेने अंबाडी, मूग-उडदाची एखादी पट्टी सोडू नका. सुरुवात तिथून होते.

साठवणीचेही ज्ञान जाते आहे. दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका वाळवावा, कडक उन्हात दोन-तीन वेळा पालटून. कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. कुठे जुने पेव उघडणार असाल तर एक गोष्ट विसरू नका : बंद पेवात कोंडलेली हवा माणूस मारते. तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू द्यावी आणि आत कंदील सोडून पाहावा, विझला तर कोणीही उतरू नये. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. नव्या पोरांना सांगितले नाही तर ती जिवानिशी जातील.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणाव्यात. पहिली, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहिलेले पान : लढाईच्या साली लेव्ही किती गेली, काय दराने गेली, घरात काय खाल्ले, बहात्तरला काय खाल्ले. मायबहिणींना आधी विचारा. लेव्हीचा आकडा पुरुष सांगतील, पण त्या साली चुलीवर काय शिजले ते बायाच सांगतील. दुसरी, गावातल्या किती घरांत पुढच्या मृगापर्यंतचे धान्य आहे त्याची खरी गणती, फुगविलेली नको. तिसरी, ज्यांच्याकडे गावरान ज्वारीचे बियाणे अजून आहे त्यांनी ओंजळभर आणावे. बैठकीत अदलाबदल होईल.

ती पाने एकत्र करून नवी मुंबईत नेऊ. तुर्भ्याच्या माथाडी भावांच्या वस्तीत आणि कोपरखैरण्या-नेरूळच्या सोसायट्यांत वाचून दाखवू. शहरातली बहुतेक घरे दोन पिढ्यांपूर्वी आपलीच होती. रेशनच्या रांगेच्या त्यांच्या आठवणी आपण ऐकू, पेवाच्या आपल्या आठवणी त्यांनी ऐकाव्यात. पुढच्या वेळी 'महागाई' म्हणून आयात खुली करा असा ओरडा होईल, तेव्हा निदान काही घरांत तरी कोणी विचारील, की पिकविणाऱ्याला यात काय मिळाले.

ठराव आपला साधा आहे. देशावर संकट आले तर शेतकरी धान्य देईल. त्याने १९४३ साली दिले, १९६५ साली दिले. पण द्यायचे ते पुऱ्या भावाने, आणि घरचे व बियाण्याचे बाजूला काढून. युद्धाचे नियम युद्धाबरोबर संपले पाहिजेत. या तिन्ही वाक्यांवर बैठकीत हात वर होण्याआधी ज्याने-त्याने आपली कणगी एकदा उघडून पाहावी.